साखरेचा आलेख आणि आजाऱ्याची भाषा

मराठी माणूस डब्यातल्या साखरेला साखर म्हणतो आणि रक्तातल्या साखरेला शुगर. ‘घरातली साखर संपली’ आणि ‘मला शुगर आहे’ ही दोन्ही वाक्ये एकाच ओसरीवर एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. ‘मधुमेह’ हा शब्द जुन्या वैद्यकग्रंथांतून आला आणि दवाखान्याच्या पाटीवर स्थिरावला. बोलण्यात उतरली ती शुगर. एकाच पदार्थाला दोन नावे देऊन भाषेने गोडवा आणि आजार यांची वाटणी करून टाकली. बारशाला वाटायची ती साखर, गोळीने उतरवायची ती शुगर.

ह्या वाटणीत आता तिसऱ्या एकाने हक्क सांगितला आहे, आणि त्याला अजून धड मराठी नाव नाही. इंग्रजीत त्याला कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर म्हणतात. ‘सलग शर्करामापक’ असा प्रतिशब्द करता येईल, परंतु तो करणाऱ्याखेरीज दुसरा कोणी वापरील असे वाटत नाही. दवाखान्यात त्याला सेन्सर म्हणतात. आमच्या केंदूरला लोकांनी त्याचे ‘बटण’ करून टाकले आहे. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी चकती दंडाच्या मागल्या बाजूला चिकटवायची. तिच्यातला केसासारखा तंतू कातडीखाली राहतो आणि पुढचे दहा ते चौदा दिवस दर काही मिनिटांनी साखरेचा आकडा मोबाइलवर येत राहतो. दिवसातून चार वेळा बोट टोचण्याचा व्याप बराचसा वाचतो. गेले काही महिने हे बटण आमच्याही दंडावर आहे.

ह्या काळात जो त्रास झाला त्याची जंत्री देण्याचा आमचा हेतू नाही. त्यातला बराचसा त्रास भाषेचा आणि वाचनाचा आहे असे आमचे मत झाले आहे, आणि भाषा व वाचन हा तर साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचा रोजचा विषय. म्हणून हा प्रपंच.

तरीही आधी साधे त्रास सांगितले पाहिजेत, कारण मोठ्या मुद्द्याची मुळे त्यांतच आहेत. चकतीचा चिकटपणा घामापुढे टिकत नाही. एप्रिलच्या उन्हात शेतावर दोन तास काढले की तिची कड सुटू लागते. आंघोळीत हात जपून फिरवावा लागतो, बंडीत हात घालताना ती अडते, दाराच्या चौकटीला घासते. बायकांच्या ब्लाउजची बाही तर नेमकी तिच्यावरच येते. गवताचा भारा उचलणाऱ्याने, खांद्यावर पोते घेणाऱ्याने ती कुठे लावावी, ह्याचे उत्तर सोबतच्या पत्रकात नसते. एकदा सुटली की ती पुन्हा बसवता येत नाही, आणि एका चकतीला काही हजार रुपये पडतात. चौदा दिवसांची बेगमी चौथ्या दिवशी भाऱ्याबरोबर गेली, की घरातली माणसे भाऱ्याकडे न पाहता आपल्याकडे पाहतात.

दुसरा त्रास आकड्यांचा. नवी चकती लावल्यावर पहिला दिवसभर आकडे फारसे भरवशाचे नसतात. पुढे ते स्थिरावले तरी बोटातल्या रक्ताच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाहीत, कारण हे यंत्र रक्त मोजतच नाही. पेशींच्या मधल्या जागेत जो द्रव असतो त्यातले ग्लुकोज ते मोजते, आणि रक्तातला बदल त्या द्रवात उतरायला पाच-दहा मिनिटे, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. साखर झपाट्याने चढत किंवा उतरत असली की दोन यंत्रे दोन आकडे दाखवतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. रात्री त्या कुशीवर झोपले की चकतीखालची जागा दाबली जाते, तिथला द्रव हटतो आणि यंत्र समजते की साखर खाली गेली. मग दोन वाजता गजर. घरातले सगळे जागे होतात, कोणी गुळाचा खडा आणतो. बोट टोचून पाहावे तो आकडा ठीक. शेतीची लाइट रात्रपाळीला आली आणि मोटार चालू करायला जाताना मोबाइल घरीच राहिला, तर काही मीटरपलीकडे दोघांची संगत सुटते आणि आलेखात खिंडार पडते. काही दिवसांनी डॉक्टर त्या खिंडारावर बोट ठेवून विचारतात, ‘इथं काय झालं?’ तिथे कांद्याला पाणी दिले, एवढेच झालेले असते.

ह्या सगळ्याला सर्वत्र एकच उत्तर मिळते: सवय होईल. सवय होते, हे खरे. पण कोणी कोणाची सवय करून घ्यायची, हा प्रश्न त्या उत्तरात गिळला जातो.

वाङ्मयाच्या वर्गात आपण ‘अभिप्रेत वाचक’ ही संकल्पना शिकवतो. वोल्फगांग इझर ह्या जर्मन समीक्षकाने १९७० च्या दशकात ती मांडली. लेखक कोणासाठी लिहितो हे त्याने सांगो वा न सांगो, संहितेच्या रचनेतच एक वाचक गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षातला वाचक त्या जागी बसला तर वाचन सुरळीत होते. बसला नाही तर त्याला पदोपदी ठेचा लागतात, आणि तो समजतो की दोष आपल्या समजशक्तीचा आहे. ह्या यंत्रालाही असा एक अभिप्रेत वाचक आहे. त्याला इंग्रजी येते. त्याचा मोबाइल सदैव खिशात आणि चार्ज केलेला असतो. तो सावलीत काम करतो, ठरलेल्या वेळी जेवतो आणि आपण किती ग्रॅम कर्बोदके खाल्ली हे त्याला ठाऊक असते. केंदूरच्या बाजरीची भाकरी किती ग्रॅमची, हे कोण सांगणार? ती कोणाच्या हातची, तव्यावरची की चुलीवर फुगलेली, दुधात कुस्करलेली की पिठल्याशी खाल्लेली, ह्यावर सगळे अवलंबून. आपल्याकडे मोजण्याची रीत अर्धी, चतकोर, नितकोर अशी आहे. ती अडाणी नाही, ती भाकरीला धरून आहे इतकेच.

एका शब्दाने तर आमची पुरती गंमत केली. प्रयोगशाळेच्या भाषेत ‘फास्टिंग’ म्हणजे आठ-दहा तास पोटात काही नसणे. त्याचे मराठी सहजच ‘उपवास’ असे होते. आता केंदूर हे कान्हो पाठकांचे गाव. इथे एकादशी घरोघर पाळली जाते. आणि एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळी, शेंगदाण्याचा लाडू. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण गावाने स्वतःवरच करून ठेवलेली आहे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यामुळे खिचडीनंतर तासाभरात आलेख कड्यासारखा उभा राहतो. ‘उपवास होता’ असे सांगणारा आणि ‘मग साखर वाढली कशी’ असे विचारणारा दोघेही प्रामाणिक असतात. मधला शब्द तेवढा दोन्ही बाजूंना फितूर असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. व्हर्जिनिया वुल्फने १९२६ साली आजारपणावर एक निबंध लिहिला. प्रेमाविषयी बोलायला इंग्रजीत महाकवींचे शब्द हाताशी आहेत, पण साधी डोकेदुखी डॉक्टरला सांगायची तर भाषा आटून जाते, अशी तिची तक्रार होती. मराठीला ही तक्रार करायचे कारण नाही. आपल्याकडे डोके ठणकते, भणभणते, जड होते, धरते. पायांना मुंग्या येतात, गोळे येतात, रग लागते. पोटात कळ येते, कालवते, आग पडते, खड्डा पडतो. जीव घाबरा होतो, कासावीस होतो, वर-खाली होतो. हे शब्द कोणा कवीने दिलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या दुखणी सोसलेल्या माणसांनी ते घडवले आहेत. त्यांतला प्रत्येक शब्द दुसऱ्याहून वेगळा आहे, आणि जुना वैद्य किंवा गावचा अनुभवी डॉक्टर त्या फरकावरून निदानाची दिशा धरत असे.

साखर कमी झाली की माणसाला काय होते? हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ह्या खुणा सर्वांना सारख्याच आकड्याला दिसत नाहीत. ज्याची साखर कित्येक महिने चढीच राहिली आहे, त्याची ती उतरू लागली की शंभराच्या आसपासच्या चांगल्या आकड्यालाही तो थरथरू लागतो. त्याच्या शरीराने जुन्या पातळीलाच घर मानलेले असते. अशा वेळी माणूस म्हणतो, ‘जीव कासावीस होतोय’ आणि पडद्यावर दिसते, ९५. घरातले म्हणतात, ‘काही नाही झालेलं, बघा ना.’ इथे अन्याय सुरू होतो. आकडा खरा आहे आणि कासाविशीही खरी आहे. पण दोन साक्षीदारांपैकी एकाची साक्ष नोंदली जाते आणि दुसऱ्याला गप्प बसवले जाते.

दुसरे उदाहरण पहाटेचे. सूर्योदयाच्या सुमारास शरीर जागे होण्याच्या तयारीला लागते, काही संप्रेरके वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. ज्याचे इन्शुलिन पुरे पडत नाही त्याची साखर त्यामुळे काही न खाता चढते. वैद्यकात ही परिचित गोष्ट आहे. पण घरात तिचे वाचन काय होते? ‘रात्री उठून काय खाल्लंत?’ असा प्रश्न येतो. संदर्भ सोडून वाचलेली ओळ काय अनर्थ करते हे आपण विद्यार्थ्यांना संतकाव्याच्या निमित्ताने सांगत असतो. इथे तो अनर्थ न्याहारीच्या आधीच होतो, आणि सत्तरीच्या माणसाला आपल्याच घरात चोर ठरवून जातो.

ह्यातला सर्वांत नाजूक भाग तो हाच. हा आकडा मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवरही पाठवता येतो. गावातली तरुण मुले नोकरीनिमित्त पुण्याला, चाकणला, रांजणगावला, आईवडील इथे. मुलांनी काळजीपोटी तो आपल्या फोनवर घेतलेला असतो, आणि त्या काळजीबद्दल आम्हांला शंका नाही. पण पूर्वी संध्याकाळचा फोन ‘काय चाललंय?’ असा सुरू होई, तो आता ‘एकशे नव्वद कसे काय?’ असा सुरू होतो. पाऊस, पाहुणे, भावकीतले लग्न, हे सारे त्या आकड्यामागे रांगेत उभे राहते. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये ‘उपास’ नावाचे प्रकरण आहे. पंतांनी वजन उतरवायचे ठरवले आणि सगळी चाळ आहाराचा सल्ला द्यायला धावली. पंतांना निदान एवढी सोय होती की चाळीला त्यांच्या पोटातले दिसत नव्हते. सप्ताहातल्या प्रसादाचा लाडू हातावर पडल्यावर तो मोडून अर्धा नातवाला द्यावा आणि अर्धा कपाळाला लावून खावा, ह्या कृतीत भक्ती आहे, वात्सल्य आहे आणि थोडी लबाडीही आहे. आलेखावर त्याची एक टेकडी उमटते. टेकडी खोटी नाही. तिच्यात लाडू तेवढा आहे, बाकीचे काही नाही.

आता ह्यावर कोणी म्हणेल की हे यंत्र नाकारण्याचे सुशिक्षित निमित्त झाले. तसे नाही. ज्यांना अनेक वर्षे मधुमेह आहे, त्यांतल्या काहींच्या शरीरातली धोक्याची घंटाच बंद पडते; साखर फार खाली गेली तरी थरथर नाही, घाम नाही. अशांच्या बाबतीत रात्रीचा गजर जीव वाचवतो, आणि त्याच्यापुढे दहा खोटे गजर माफ करावेत. जेवणानंतर वीस मिनिटे चालले की उतरती रेघ डोळ्यांनी दिसते. आधी भाजी-उसळ आणि मग भाकरी असा क्रम ठेवला तर चढण सौम्य होते, हेही दिसते. प्रमेह झालेल्याने पायी दूरवर चालत राहावे, हा उपचार सुश्रुतसंहितेतही सांगितलेला आहे. तो खरा की खोटा हे ज्याने-त्याने आपल्या पायांनी तपासावे अशी सोय आता झाली. यंत्राचे हे ऋण आम्ही मान्य करतो.

आमचे म्हणणे आहे ते यंत्राच्या एकहाती वाचनाविषयी. आणि ह्या बाबतीत पुणे जिल्ह्यातच एक मोठा धडा घालून दिलेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्याच रुग्णालयाचे ग्रामीण केंद्र आमच्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला आहे. ह्या अभ्यासातून २००३ साली जगापुढे आलेला निष्कर्ष आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. इथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची; इथल्या बाळांचे स्नायू कमी भरलेले, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. हाडकुळ्या दिसणाऱ्या देहात चरबी लपलेली असते आणि पुढच्या मधुमेहाचे बीज गर्भातच पडू शकते, हा विचार त्यातून बळावला. शुगर हा शहरातल्या खात्यापित्या घरांचा रोग, ही समजूत ज्यांनी मोडली त्यांत ही खेडी आहेत.

पण आमच्या मुद्द्यासाठी त्याच अभ्यासाचा २००१ साली प्रसिद्ध झालेला भाग अधिक मोलाचा आहे. गरोदर स्त्रिया काय खातात हे त्यांना विचारून टिपले गेले होते. त्यांच्या आहारातल्या एकूण उष्मांकांवरून बाळाच्या वजनाविषयी फारसे काही कळत नव्हते. पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाण्यात येते ह्यावरून मात्र कळत होते. म्हणजे एकूण आकड्याने जे झाकले ते ताटातल्या पदार्थांच्या नावांनी उघड केले. मेथी, शेपू, चाकवत हे शब्द विचारले गेले म्हणून ते विज्ञान झाले. शास्त्र आणि लोकांची बोली यांचे वैर असते असे मानणाऱ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली आले त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ह्यांतल्या फार थोड्यांच्या दंडावर आज बटण आहे. किंमत उतरेल तसे ते वाढेल. तेव्हा भाषेचा विचार आताच झालेला बरा. आमच्या अपेक्षा मोठ्या नाहीत. गजर वाजला की पडद्यावरची सूचना मराठीत यावी, आणि ती भाषांतरखात्याची नको. ‘साखर झपाट्यानं उतरतेय, बोट टोचून बघा’ इतकी साधी हवी. जेवणाच्या नोंदीत भाकरी, चतकोर, वाटी, पळी यांना जागा असावी. एकादशीला एकादशी म्हणता यावे. आलेखाखाली दोन ओळी मोकळ्या असाव्यात, आणि त्यांत ज्याचा दंड आहे त्याने आपल्या शब्दांत काय वाटले ते लिहावे किंवा बोलून ठेवावे. जुन्या पोथ्यांना समासात टीप असे; तिच्यावाचून कित्येक ओव्यांचा अर्थ आज लागला नसता. ह्या आलेखालाही समास हवा.

आणि दुसऱ्याच्या फोनवर आकडा जाऊ द्यायचा की नाही हे त्याच माणसाने ठरवावे. ‘तुम्हाला काय कळतंय’ म्हणून त्याच्या हातातून फोन घेऊन नव्हे. निकषही सर्वांना एक नाहीत. २०१९ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीने असे ठरले की साखर दिवसातला सत्तर टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८० ह्या पट्ट्यात असावी. पण वृद्ध आणि जोखमीच्या रुग्णांसाठी त्यांनीच पन्नास टक्क्यांची सवलत दिली, कारण साखर फार खाली जाऊन पडण्याचा धोका त्यांना जास्त. पुस्तकातले शास्त्र माणूस पाहून बदलते. घरातले शास्त्र तेवढे कडक असते.

साहित्याच्या शिक्षकांनी ह्यात काय करावे, असा प्रश्न येईल. निदान एवढे की आजाराची ही शब्दसंपदा टिपून ठेवावी. भणभण आणि ठणका यांतला फरक आज आजीला कळतो, नातीला कळत नाही, आणि काही वर्षांनी तो सांगणारे कोणी नसेल. विद्यार्थ्यांना गावोगाव लोकगीते गोळा करायला आपण धाडतो. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसांचे बोलणे त्याहून कमी मोलाचे नाही. आणि डॉक्टरांकडे एकच मागणे आहे. त्यांनी आलेख अवश्य पाहावा, पण तो उघडण्याआधी ‘कसं वाटतंय?’ हा जुनाच प्रश्न विचारावा, आणि जे उत्तर येईल ते आकड्याच्या शेजारी, आले तसेच, लिहून घ्यावे.